डॉ. होमी भाभा

१९४८ सालचा एप्रिल महिना होता. भारत स्वतंत्र होऊन पुरते वर्षही झाले नव्हते. फाळणीमुळे घरादारास मुकलेले लक्षावधी निर्वासित छावण्यांतून दिवस कंठीत होते. जानेवारीत महात्मा गांधींची हत्या झाली होती आणि त्या दुःखाची छाया देशावरून अजून सरली नव्हती. धान्य परदेशातून आणावे लागत होते. साऱ्या देशातील वीजकेंद्रांची शक्ती एकत्र केली तरी ती १४०० मेगावॅट भरत नव्हती. खेड्यापाड्यांतून तर सूर्य मावळला की रॉकेलची चिमणी हाच काय तो आधार. अशा वेळी अडतीस वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्यापुढे एक टिपण ठेवले. अणूच्या पोटात दडलेली शक्ती देशाच्या उपयोगी पडावी म्हणून सरकारने संशोधन हाती घ्यावे, त्यासाठी दोनतीन माणसांचेच, परंतु पूर्ण अधिकाराचे एक मंडळ नेमावे, आणि या मंडळाने पंतप्रधानांवाचून दुसऱ्या कोणास जाब देण्याचे कारण नसावे, अशी त्या टिपणातील मागणी होती.

मागणी मोठ्या धाडसाची होती. अणुशक्तीपासून वीज निर्माण झालेली त्या दिवसापर्यंत पृथ्वीच्या पाठीवर कोणीही पाहिली नव्हती. अणूचे सामर्थ्य जगाला कळले होते ते हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांच्या राखेतून. ज्या शेतकऱ्याच्या घरी उद्याच्या भाकरीची पंचाईत आहे, त्याने उसनवार करून असे बियाणे विकत घ्यावे की जे उगवेल किंवा नाही हे सांगणारा गावात कोणी नाही, तसाच हा प्रकार होता. तरीही पंडितजींनी ती मागणी मान्य केली. ती करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित व सधन पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख होते. वडील जहांगीर भाभा हे विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर. घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही पुष्कळ होत्या. बालपणी होमीला झोप फार थोडी लागे. आईवडिलांना काळजी वाटून त्यांनी डॉक्टरांना दाखविले, तेव्हा मुलाला काही आजार नाही, त्याचे डोके सतत कामात असते एवढेच, असे डॉक्टरांनी सांगितल्याची आठवण त्यांच्या घरची मंडळी सांगत. मुलगा जसा वाढू लागला तशी त्याची वृत्ती दोन अंगांनी फुलू लागली. एकीकडे गणित आणि विज्ञान, तर दुसरीकडे चित्रकला आणि संगीत. चित्रकार जहांगीर लालकाका यांच्याकडे तो चित्रे काढावयास शिकला.

त्याच्या आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. जमशेटजी टाटांनी पाहिलेली स्वप्ने त्यांच्या मागे या पुत्राने खरी करून दाखविली होती. जमशेदपूरला पोलादाचा कारखाना उभा राहिला होता, आणि लोणावळ्याच्या परिसरात सह्याद्रीवरचे पावसाचे पाणी धरणांत अडवून ते खोपोलीस खाली सोडले जात होते. त्यापासून निघालेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. आत्याच्या घरी या उद्योगांची बोलणी चालत आणि शाळकरी होमी ती कान देऊन ऐके. डोंगरावरचे पाणी गिरणीचे चाक फिरवू शकते, मात्र त्यासाठी आधी कोणीतरी आपला पैसा आणि आपले नाव पणाला लावावे लागते, ही गोष्ट त्याने अशी घरातच पाहिली.

शालेय शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढील शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झाल्यावर १९२७ साली होमी इंग्लंडला केंब्रिजमध्ये दाखल झाले. त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या कारखान्यात मोठी जागा भूषवावी, असा वडिलांचा व दोराबजींचा बेत होता. परंतु केंब्रिजची हवा वेगळी होती. अणूच्या अंतरंगाचा शोध घेणारे जगातील थोर शास्त्रज्ञ तेथे एकत्र जमले होते. होमींचे मन यंत्रांवरून उडाले. आपला पिंड कारखाना चालविणाऱ्याचा नसून पदार्थविज्ञान हेच आपले जीवनकार्य आहे, असे त्यांनी वडिलांना पत्राने स्पष्ट कळविले. वडील रागावले नाहीत, पण हुरळूनही गेले नाहीत. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास तर गणित शिकण्यासाठी आणखी पैसे पाठवीन, अशी अट त्यांनी घातली. १९३० साली होमींनी ती अट पुरी केली आणि १९३२ साली गणिताची परीक्षाही पहिल्या वर्गात पार पाडली. न आवडणारा विषय त्यांनी आधी नीट पुरा केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे अणुभट्ट्या बांधण्याची वेळ आली तेव्हा ही अभियांत्रिकीच त्यांच्या उपयोगी पडली.

पुढील काही वर्षांत त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. अंतराळातून पृथ्वीवर अत्यंत वेगवान कणांचा वर्षाव रात्रंदिवस होत असतो. असा एक कण वातावरणात शिरला की त्यापासून दोन, दोनांपासून चार, अशा रीतीने कणांची सर कशी निर्माण होते, याचे गणित भाभांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ साली मांडले. त्याने त्यांचे नाव जगभर झाले. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात, ते शिकवू लागले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. त्याच वर्षी नागपूरच्या एका विज्ञानपरिषदेत रामन यांनी त्यांची तुलना चित्रकला आणि विज्ञान या दोहोंत पारंगत असलेल्या लिओनार्डो दा विंचीशी केली.

युद्ध संपताच केंब्रिजला परत जावे, असे भाभांना आरंभी वाटत होते. बंगळूरच्या वास्तव्यात त्यांचे मन पालटले. आपल्या देशात बुद्धिमान तरुण पुष्कळ आहेत, परंतु त्यांना एकत्र आणून मूलभूत संशोधन करू देणारी संस्था नाही, म्हणून ते परदेशी जातात किंवा येथे राहून कोमेजतात, हे त्यांनी पाहिले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. मुंबईत अशी संस्था काढावी, अशी विनंती त्या पत्रात होती. शिवाय एक विलक्षण विचार त्यांनी त्यात मांडला होता. पंधरावीस वर्षांनी जेव्हा अणुशक्तीपासून वीज काढता येऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ माणसांसाठी परक्यांच्या दाराशी जावे लागू नये; ती माणसे आतापासून घरीच तयार व्हावीत. या पत्राची तारीख पुन्हा पाहा. हिरोशिमावर अणुबाँब पडण्यास अजून सतरा महिने अवकाश होता. सामान्य माणसाला अणुशक्ती हा शब्दही ठाऊक नव्हता.

न्यासाने पैसा दिला, मुंबई सरकारही पुढे आले आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आरंभी ती बंगळूरला होती. त्याच वर्षाअखेर ती मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. योगायोग असा की भाभांचा जन्म याच बंगल्यात झाला होता.

संशोधनाचे बीज असे रुजले. परंतु अणुशक्तीचे काम एखाद्या न्यासाच्या देणगीवर चालण्यासारखे नव्हते. त्यासाठी खनिजे शोधावयास हवी होती, कारखाने काढावयास हवे होते, शेकडो माणसांना वर्षानुवर्षे पगार देऊन शिकवावे लागणार होते. आणि इतके करून शेवटी वीज मिळेलच, अशी हमी नव्हती. असा खर्च सरकारच करू शकते. पण सरकारी कचेरीची रीत कशी असते? प्रत्येक खरेदीसाठी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो. वर्ष संपले की न खर्चलेला पैसा परत जातो. प्रयोग फसला तर दोष कोणाचा, याची चौकशी होते, आणि त्या धास्तीने पुढच्या खेपेस कोणी प्रयोगच करीत नाही. नवे ज्ञान शोधण्याचे काम या रीतीने होणे नाही, हे भाभांनी ओळखले होते. म्हणूनच मंडळ लहान असावे, त्यात विषय जाणणारी माणसे असावीत आणि ते थेट पंतप्रधानांच्या छत्राखाली असावे, असा आग्रह त्यांनी १९४८ सालच्या त्या टिपणात धरला.

त्याच एप्रिल महिन्यात अणुशक्तीचा कायदा मंजूर झाला. नेहरूंनी स्वतः तो सभागृहापुढे मांडला होता. या कायद्यान्वये बरेचसे काम गुप्त ठेवण्याची मुभा सरकारला मिळत होती, आणि त्याविषयी काही सभासदांनी शंका काढली. संशोधन जर शांततेसाठी असेल तर ते झाकून का ठेवावे, असा त्यांचा प्रश्न होता. शांततेचे संशोधन आणि शस्त्रांचे संशोधन यांच्यामध्ये रेघ ओढणे अवघड आहे, असे नेहरूंना मान्य करावे लागले. ऑगस्ट महिन्यात अणुशक्ती आयोग स्थापन झाला. भाभा अध्यक्ष झाले, डॉ. कृष्णन् आणि डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे इतर दोन सभासद होते.

काम जसे वाढले तसे आयोगाचे अधिकारही वाढत गेले. ऑगस्ट १९५४ मध्ये केंद्र सरकारने अणुशक्तीचे स्वतंत्र खातेच निर्माण केले. ते पंतप्रधानांकडे राहिले आणि त्याचे सचिव भाभा झाले. या खात्याची कचेरी राजधानीत नव्हती, ती मुंबईत होती. प्रयोगशाळा जेथे असेल तेथेच निर्णयही व्हावेत, अशी त्यामागील दृष्टी होती. १९५८ साली आयोगाची फेररचना झाली. संसदेने मंजूर केलेल्या रकमेच्या मर्यादेत खर्चाचा निर्णय आयोगाने स्वतः घ्यावा असे ठरले, आणि अर्थव्यवहार जाणणारा एक सभासद आयोगातच बसविण्यात आला. पैशाच्या प्रत्येक प्रश्नासाठी कागद दिल्लीला धाडून वाट पाहत राहण्याची गरज त्यामुळे उरली नाही. खर्चावर देखरेख तर हवी, पण कामाचा खोळंबा नको, यासाठी काढलेली ही युक्ती होती.

आता अणुशक्ती म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. युरेनियम हा एक जड धातू आहे. त्याच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण आदळला की काही अणू दुभंगतात. दुभंगताना उष्णता बाहेर पडते आणि दोनतीन नवे न्यूट्रॉनही सुटतात. ते शेजारच्या अणूंवर आदळतात, आणि अशी साखळी चालू राहते. ही साखळी मोकाट सुटली तर बाँब होतो. लगाम घालून तिला संथपणे चालविले तर तीच अणुभट्टी. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ करावी, वाफेने चक्र फिरवावे आणि चक्राने वीज काढावी. एक किलोग्रॅम युरेनियमचे सारे अणू दुभंगले तर अडीच हजार टनांहून अधिक कोळसा जाळल्याइतकी उष्णता मिळते.

अडचण अशी होती की भारतात युरेनियम फार थोडे होते, आणि जे होते त्याच्या हजार भागांतले सातच भाग सहज दुभंगणारे. परंतु केरळच्या समुद्रकिनाऱ्यावर मोनाझाइट नावाची वाळू विपुल पसरलेली आहे. तिच्यात थोरियम नावाचा धातू असतो आणि तो भारतात जगातील बहुतेक देशांपेक्षा अधिक आहे. थोरियम मात्र आपण होऊन पेट घेत नाही. ओल्या लाकडासारखे त्याला आधी दुसऱ्या विस्तवाजवळ ठेवावे लागते. म्हणून भाभांनी तीन पायऱ्यांची योजना आखली. पहिल्या पायरीवर जवळचे युरेनियम भट्टीत वापरावे. त्यापासून विजेबरोबर प्लुटोनियम नावाचा नवा पदार्थ मिळतो. दुसऱ्या पायरीवर त्या प्लुटोनियमच्या भट्ट्या अशा बांधाव्या, की त्या खातील त्यापेक्षा अधिक इंधन प्रसवतील. त्यांच्या सान्निध्यात थोरियमचे रूपांतर एका निराळ्या प्रकारच्या युरेनियममध्ये होईल, आणि तिसऱ्या पायरीवर त्याच्या बळावर देशाला दीर्घकाळ वीज पुरेल. आजोबांनी आंब्याची कोय लावावी आणि नातवंडांनी फळे खावी, अशा जातीची ही योजना होती.

या कामासाठी मुंबईजवळ तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे येथे खाडीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी जागा निवडण्यात आली आणि जानेवारी १९५४ मध्ये तेथे अणुशक्ती संस्था स्थापन झाली. माणसे निवडण्याची भाभांची तऱ्हा न्यारी होती. आधी इमारत बांधावी, मग त्यात पदे भरावी, ही पद्धत त्यांना पसंत नव्हती. आधी योग्य माणूस शोधावा आणि त्याच्याभोवती काम वाढू द्यावे, असे ते करीत. राजा रामण्णा, होमी सेठना यांच्यासारखे तरुण त्यांनी असेच हेरले. १९५७ साली त्यांनी तुर्भे येथे प्रशिक्षण विद्यालय काढले. देशभरातून निवडलेले तरुण पदवीधर तेथे शिकून संस्थेत काम करू लागले.

१९५५ साली एक लहान अणुभट्टी बांधण्याचे ठरले. तिचे इंधन इंग्लंडहून आले, पण आराखडा आणि बांधणी आपल्याच अभियंत्यांची होती. यापूर्वी यांपैकी कोणीही अणुभट्टी बांधलेली नव्हती. तरीही वर्ष-सव्वा वर्षात, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, ती सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडातील ही पहिली अणुभट्टी होय. खोल हौदात स्वच्छ पाणी भरलेले आणि त्या पाण्याच्या तळाशी निळसर प्रकाश पसरलेला, असे तिचे रूप होते. जलातून निघालेल्या अप्सरांची आठवण होऊन नेहरूंनी तिचे नाव अप्सरा ठेवले. १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने बांधलेली चाळीस मेगावॅट उष्णशक्तीची दुसरी भट्टी सुरू झाली.

हे सारे चालू असताना विरोध करणारे नव्हते असे नाही, आणि ते ऐरेगैरे नव्हते. कलकत्त्याचे थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा लोकसभेचे सभासद होते. १९५४ साली त्यांनी लोकसभेत या विषयावर चर्चा घडवून आणली. सारे काम पडद्याआड चालते आणि सारा पैसा एकाच ठिकाणी जातो. त्यापेक्षा विद्यापीठांतून शास्त्रज्ञ घडवावेत, अशी त्यांची भूमिका होती. दुसरा आवाज तर भाभांच्या स्वतःच्या संस्थेतून उठला. मूळचे गोमंतकातील, पुण्यात राहणारे गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी रोज आगगाडीने मुंबईस येऊन टाटा संस्थेत काम करीत. ज्या देशात वर्षाचे आठ महिने लखलखीत ऊन पडते, त्याने सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करण्यावर पैसा आणि बुद्धी खर्चावी. अणुशक्ती आपल्याला फार महाग पडेल, असे त्यांनी १९६० साली पुण्यात जाहीरपणे मांडले. १९६२ साली त्यांचा संस्थेशी संबंध संपला.

या दोघांचे म्हणणे पोकळ नव्हते. ज्या रचनेमुळे भाभांना झपाट्याने काम करता आले, तिच्यामुळेच त्यांना अडवून प्रश्न विचारणारे थोडे राहिले. भाभांचे सगळेच अंदाज खरे ठरले, असेही नाही. १९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. सूर्यामध्ये हलके अणू एकमेकांत मिसळून जशी उष्णता निर्माण होते, तशी ती वीस वर्षांच्या आत माणसाला काबूत ठेवता येईल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. त्याला सत्तर वर्षे होऊन गेली, तरी त्या रीतीने निघालेली वीज अजून कोणाच्या घरी आलेली नाही. १९८० सालापर्यंत भारतात अणुशक्तीची आठ हजार मेगावॅट वीज निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या वर्षी वीज देणाऱ्या साऱ्या अणुभट्ट्यांची मिळून शक्ती एक हजार मेगावॅटही नव्हती. थोरियमची तिसरी पायरी अद्याप दूर आहे. आणि ज्या कॅनडियन भट्टीचा उपयोग केवळ शांततेसाठी करावयाचा होता, तिच्यातील प्लुटोनियम १९७४ साली पोखरणच्या अणुस्फोटात वापरले गेले. शांततेचे काम आणि शस्त्राचे काम यांतील रेघेविषयीची १९४८ सालची शंका अशी समोर येऊन उभी राहिली.

इतक्या व्यापातही भाभांमधला कलावंत लोपला नाही. ते अविवाहित होते. वेळ मिळेल तेव्हा पेन्सिलीने माणसांची रेखाचित्रे काढीत, परदेशी गेले की संगीताच्या मैफलींना जात. टाटा संस्थेची नवी वास्तू कुलाब्याला समुद्रकाठी उभी राहिली आणि १९६२ साली नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्या भिंतींवर भाभांनी आपल्या देशातील नवोदित चित्रकारांची चित्रे लावली. यंत्रे आणि समीकरणे यांत बुडालेल्या माणसांच्या नजरेस रोज काही सुंदर पडावे, असा त्यांचा कटाक्ष असे. झाडांवर तर त्यांचे फार प्रेम होते. बांधकामाच्या आड झाड आले की ते तोडण्यास ते परवानगी देत नसत. मुळांभोवतालच्या मातीसकट ते उचलून दुसरीकडे लावावयास लावीत. अवजड झाड हलविण्याच्या या खटाटोपाने अभियंते मेटाकुटीस येत, पण भाभांपुढे त्यांचे काही चालत नसे.

वीज देणारी पहिली अणुभट्टी कोठे बांधावी, हा प्रश्न आला तेव्हा भाभांनी हिशेब मांडला. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालमध्ये. तेथून हजार मैलांवरील मुंबईला कोळसा आणावयाचा तर रेल्वेचे भाडेच जबर पडते. मूठभर इंधनावर चालणारे अणुवीजकेंद्र जर कोठे परवडणार असेल तर ते पश्चिम किनाऱ्यावरच. म्हणून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेले तारापूर निवडण्यात आले. १९६४ साली एका अमेरिकन कंपनीशी करार झाला आणि समुद्रकाठच्या त्या गावी पाया खणला जाऊ लागला.

जानेवारी १९६६ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संघटनेच्या सल्लागार समितीची बैठक होती. भाभा एअर इंडियाच्या कांचनगंगा या विमानाने मुंबईहून निघाले. २४ जानेवारीच्या सकाळी, जिनीव्हाला उतरण्यापूर्वी, ते विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या हिमशिखराजवळ आदळले. विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. भाभांचे वय छप्पन्न वर्षांचे होते. त्याच दिवशी दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढील वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, त्यांनी तुर्भे येथील संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव दिले.

तारापूरचे काम चालूच राहिले. तेथील दोन्ही भट्ट्या पूर्ण झाल्या, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज महाराष्ट्राला व गुजरातला रीतसर मिळू लागली. भाभा हयात असते तर दोनच दिवसांनी त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली असती.